समुद्राकडे पाठ करून बघायचं मॉरिशस

मॉरिशसच्या सहलीचा कागद हातात येतो तेव्हा त्यावरच्या गोष्टी बहुतेक ठरलेल्या असतात. एका बाजूला बोटीतून छोट्या बेटाची सफर, दुसऱ्या बाजूला शामारेलची सात रंगांची माती, मध्ये गंगा तलाव आणि उरलेला वेळ किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये. राजधानी पोर्ट लुईसच्या वाट्याला येतात दोन तास, तेही खरेदीसाठी. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा कागद बदलून घ्या. पोर्ट लुईसला एक अख्खा दिवस द्या, तोही पायी. त्यानंतर जमलं तर आणखी दोन दिवस बेटाच्या पोटातल्या जुन्या घरांना आणि साखर कारखान्यांना द्या. समुद्र तुमच्यासाठी थांबेल. राजधानीतली लाकडी घरं थांबतीलच असं नाही. चक्रीवादळांनी काही नेली, वाळवीने काही पोखरली आणि बऱ्याच जागी सिमेंटच्या इमारती उठल्या.

या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. डच १५९८ मध्ये आले आणि १७१० मध्ये निघून गेले. फ्रेंच १७१५ मध्ये आले. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट जिंकलं आणि १२ मार्च १९६८ पर्यंत राज्य केलं. मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून आणली गेली. हिंदुस्थानातून करारावर मजूर आले. मागोमाग गुजरातचे आणि चीनचे व्यापारी आले. प्रत्येकाने आपापली वास्तू उभारली, आपापला देव वेगळा ठेवला, मोहल्लेही वेगळे केले. मात्र जेवण कोणालाच वेगळं ठेवता आलं नाही. म्हणून या शहरात नुसत्या इमारती बघू नयेत आणि नुसतं खाऊही नये. एक वास्तू बघायची आणि तिच्या आसपासच काहीतरी खायचं. माणसं कशी विभागलेली राहिली ते भिंती सांगतात, आणि तरीही एकमेकांत कशी मिसळली ते ताट सांगतं.

दिवस निवडताना कामाचा वार निवडा. शनिवारी दुपारनंतर शहर मिटायला लागतं आणि रविवारी तर बहुतेक ठिकाणी कुलूपच. पोर्ट लुईस डोंगरांच्या आडोशाला, वाऱ्याच्या उलट्या बाजूला आहे, त्यामुळे बेटाच्या इतर भागांपेक्षा तिथे उकडतं जास्त. तिकडचे ऋतू आपल्या उलट असतात. मे ते ऑक्टोबर हे महिने कोरडे आणि सुखाचे, जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. बेटाच्या मध्यावरच्या क्युरपीप शहरापासून राजधानीपर्यंत आता मेट्रो आहे. मुक्काम त्या पट्ट्यात असेल तर गाडी भाड्याने घेऊन पार्किंग शोधत बसू नका.

सुरुवात आप्रवासी घाटापासून करा. बंदरालगतची ही जागा पहिल्या नजरेत लहान वाटते. काळ्या दगडाच्या काही भिंती, शेडचे अवशेष, न्हाणीघरं, स्वयंपाकाची जागा आणि समुद्राच्या बाजूने वर येणाऱ्या १६ पायऱ्या, एवढंच उरलं आहे. मूळ आवाराचा बराच भाग रस्त्यांखाली गेला. पण पुढच्या अख्ख्या दिवसाचा अर्थ इथूनच लागतो. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली. त्याच सुमारास उसाच्या मळ्यांसाठी इंग्रज सरकारने करारबद्ध मजुरांचा नवा प्रयोग या बेटावर सुरू केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘ॲटलस’ जहाज आलं. हा दिवस तिथे आजही सार्वजनिक सुट्टीचा असतो. या मजुरांना उतरवून घेणारा घाटावरचा डेपो १८४९ मध्ये बांधायला घेतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं या बेटावर उतरली. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं यायची, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी भागातली आपली माणसं होती. युनेस्कोने २००६ मध्ये या जागेला जागतिक वारसा म्हटलं.

घाटाशेजारच्या माहिती केंद्रात घाई करू नका. जहाजात माणसाला किती जागा मिळायची, इथे उतरल्यावर नोंद कशी व्हायची, मळ्यावर धाडण्याआधी कुठे झोपवलं जायचं, हे सगळं तिथे नीट मांडलेलं आहे. तासभर तरी लागतोच. तिथून जवळच फ्रेंच काळातल्या लष्करी रुग्णालयाच्या दगडी इमारतीत गुलामगिरीचं संग्रहालय अलीकडे सुरू झालं आहे. भारतीय प्रवासी घाट बघतात आणि हे टाळतात. मला ते पटत नाही. घाटावरचे लोक ज्यांच्या जागी आणले गेले, त्यांची कहाणी त्या रुग्णालयात आहे. एक बघून दुसरं सोडलं तर गोष्ट अर्धीच कळते. याच दोन कहाण्यांसाठी या बेटाला दोन जागतिक वारसास्थळं मिळाली. दुसरं म्हणजे नैर्ऋत्य टोकावरचा ल मॉर्न डोंगर. पळालेले गुलाम तिथल्या कड्यांमध्ये लपून राहात.

एव्हाना भूक लागलेली असेल. चालत मध्यवर्ती बाजारात जा. हॉटेलातली न्याहारी त्या दिवशी हलकीच घ्या, कारण या बेटाची खरी न्याहारी रस्त्यावर मिळते. पहिली मागा डॉल पुरी. मैद्याच्या पातळ पोळीत हळद-जिरं घातलेली, शिजवून कोरडी वाटलेली पिवळी डाळ भरतात आणि मोठ्या तव्यावर भाजतात. पुरणपोळीतून गूळ काढून घेतल्यासारखा हा प्रकार, इतकी मऊ. ती नेहमी जोडीने विकली जाते. दोन पोळ्या एकावर एक ठेवून त्यात मोठ्या पांढऱ्या वालाची उसळ, टोमॅटोचा दाट रस्सा म्हणजे रुगाय, कोथिंबिरीची चटणी आणि लोणचं घालून कागदात गुंडाळून देतात. उभ्याउभ्याच खायची. डाळीची पोळी बिहारी मजुरांनी आणली, टोमॅटोचा रुगाय क्रिओल घरांतून, म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या घरांतून आला, आणि आज ती खाणाऱ्यांच्या रांगेत कारकून, गोदी कामगार, चिनी दुकानदार, शाळकरी मुलं सगळे असतात. मिरचीची तिखट चटणी घालू का असं विचारतील. पहिल्या खेपेला थोडीच घ्या, ती आपल्या ठेच्याच्या जातीची आहे.

तिथेच गातो पिमां मिळतील. वाटलेली डाळ, मिरची, कांदापात, कोथिंबीर घालून तळलेले छोटे गोळे. तमिळ मजुरांचा डाळवडा फ्रेंचांच्या पावात बसला आणि बेटाची सकाळची सवय झाली. लोणी लावलेल्या लांबट पावात गरम वडे दाबून खातात. पावही तिथला चांगला असतो, कुरकुरीत. वर थंड आलुदा प्या. दूध, सब्जा आणि आगरच्या बारीक पट्ट्या यांचं हे पेय म्हणजे आपल्या फालुद्याचंच रूप. बाजारात ते मोठ्या भांड्यांतून भराभर ओतून देतात.

खाऊन झालं की भाजीबाजारातून रमत-गमत फिरा. वांगी, कारली, पडवळ, दोडके, भेंडी, शेवग्याचा पाला, अळूची पानं, सगळं ओळखीचं मांडलेलं दिसेल. पालेभाजीला तिथे सरसकट ‘ब्रेद’ म्हणतात, आणि पातळ रश्शात शिजवलेली ब्रेद हा घरोघरचा पदार्थ आहे. खानावळीत मिळाली तर जरूर घ्या. रिसॉर्टच्या बुफेत ती फारशी दिसत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी हे नीट सांगायला हवं. मॉरिशसमध्ये शाकाहार परका नाही. महाशिवरात्र, कावडी अशा सणांआधी हिंदू घरांत अनेक दिवस मांस-मासे वर्ज्य असतात आणि त्याला तिथल्या बोलीत, क्रिओलमध्ये, ‘कारेम’ म्हणतात. तुम्ही कारेम पाळता आहात एवढं सांगितलंत की विक्रेत्याला पुढचं समजतं. तरीही खात्री करून घ्या. मांस नको असेल तर ‘सां लाव्यान’, मासे नको असतील तर ‘सां प्वासों’, अंडं नको असेल तर ‘सां दिझेफ’. चिनी खाद्यपदार्थांत विशेष काळजी घ्या. भाज्यांच्या दिसणाऱ्या गोळ्यांत कोळंबी असते, आणि नुसत्या नूडल्सवरही कालवांचा सॉस घालतात. डॉल पुरी आणि गातो पिमां यांच्याबद्दल सहसा चिंता नसते. पण त्याच गाडीवर मटणाची किंवा माशांची करीही असते, म्हणून भरताना लक्ष ठेवा.

बाजारातून रॉयल स्ट्रीटला लागलात की जुम्मा मशीद येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी ती बांधायला घेतली. नक्षीदार दरवाजे, पांढऱ्या कमानी आणि अंगणात देशी बदामाचा जुना वृक्ष. नमाजाची वेळ आणि शुक्रवार टाळून सकाळी जा, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला आणि दारातल्या माणसाला विचारूनच आत पाऊल टाका. मशिदीच्या आसपास बिर्याणी मिळते. तिथे ती ‘ब्रियानी’. मोठ्या तांब्याच्या देगेत मांस, बटाटे आणि तांदूळ थरांनी लावून लग्नकार्यात शेकडो माणसांसाठी शिजवतात. हीच देग हिंदू लग्नाच्या मांडवातही भाज्यांची ब्रियानी घेऊन पोचलेली आहे.

मशिदीला लागूनच चायनाटाउन सुरू होतं. हे शेजारपण मुद्दाम थांबून बघण्यासारखं आहे. एका टोकाला मिनार, दुसऱ्या टोकाला लाल कमान, मध्ये खाली दुकान आणि वर राहती जागा असलेली दुमजली लाकडी घरं. खिडक्यांच्या झडपा, गॅलरीचे कठडे, पत्र्याच्या वळचणीला कातरलेली झालर. ही झालर क्रिओल घराची खूण. दुपारचं जेवण इथेच करा. मांसाहारी असाल तर बुलेत घ्या. हे वाफवलेले गोळे असतात, आणि त्यातला चायोटेचा गोळा खास या बेटाचा. चायोटे ही फिकट हिरवी, नाशपतीच्या आकाराची वेलभाजी. ते आवडले नाहीत तर ‘मीन फ्री’ म्हणजे परतलेल्या नूडल्स आहेतच. शिवाय ‘बोल राँव्हेर्से’ मागवून बघा. वाडग्यात तळाला तळलेलं अंडं, त्यावर सॉसमध्ये परतलेलं चिकन आणि भाज्या, सर्वांत वर भात दाबून भरतात आणि ताटलीत उपडं करतात. अंडं वर येतं. चीनमधून आलेल्या लोकांनी इथे घडवलेला हा पदार्थ. चिनी वस्तीचं सर्वांत जुनं देऊळ, क्वान ती पॅगोडा, बंदराच्या दक्षिणेला १८४२ पासूनचं आहे. पायी जरा लांब पडतं, टॅक्सीने जा.

दुपारच्या उन्हात कंपनी गार्डनमधल्या वडांच्या सावलीत बसा. बागेला लागून नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय आहे, आणि तिथे डोडोचा सांगाडा आहे. हा पक्षी जगात फक्त याच बेटावर होता आणि माणूस आल्यापासून शंभर वर्षांच्या आतच संपला. पलीकडे गव्हर्न्मेंट हाउस, त्याच्यासमोर राणी व्हिक्टोरियाचा पुतळा, आणि थोड्या अंतरावर १८२२ सालचं नाट्यगृह. नाट्यगृह अनेक वर्षं बंद आणि डागडुजीच्या प्रतीक्षेत होतं. निदान बाहेरून तरी बघाच, आणि दार उघडं दिसलं तर संधी सोडू नका. सेंट जेम्स कॅथेड्रलच्या भिंतींची जाडी बघून आश्चर्य वाटेल. ते मुळात फ्रेंचांचं दारूगोळ्याचं कोठार होतं. वादळं येत तेव्हा लोक तिथे आसऱ्याला जात.

तिकिटं जमवणाऱ्यांना ब्लू पेनी म्युझियम चुकवता येणार नाही. मॉरिशसची १८४७ ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटं तिथे आहेत. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर ठरावीक वेळी थोडाच वेळ दिवा लावतात. आत शिरतानाच ती वेळ विचारून घ्या.

ऊन उतरलं की सिटाडेल चढा. हा किल्ला इंग्रजांनी १८३४ ते १८४० च्या दरम्यान बांधला. गुलामगिरी संपवल्यामुळे फ्रेंच मळेवाले बंड करतील अशी त्यांना धास्ती होती. किल्ल्यावरून दिवसभर पायाखालून गेलेलं शहर एका नजरेत येतं. बंदर, बाजार, मशीद, डोंगरांची कमान आणि १८१२ पासूनचं शाँ द मार्सचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. याच मैदानावर १९६८ मध्ये स्वतंत्र मॉरिशसचा झेंडा चढला. वर येताना अननस घेऊन या. रस्त्यावर मीठ, मिरची आणि चिंच लावून देतात. अंधार पडायच्या आत उतरा, कारण संध्याकाळी दुकानं मिटली की राजधानीचे हे रस्ते एकदम रिकामे होतात.

दुसरा दिवस घरांचा. १८६० च्या दशकात पोर्ट लुईसमध्ये मलेरियाची भयंकर साथ आली आणि ऐपतदार लोक थंड, उंच भागात राहायला गेले. मोका, क्युरपीप या बाजूंना जुने वाडे दिसतात त्यामागे ही साथही आहे. मोक्याचं युरेका हे घर १८३० च्या दशकातलं. चारी बाजूंनी ओसरी आणि शंभराहून जास्त दारं, म्हणजे वारा कुठूनही आत यावा. घर बघताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पाया आणि जोतं काळ्या दगडाचं का आहे, ओसरी किती रुंद आहे, आणि स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं का ठेवलं आहे. लाकडी घरात आगीची भीती होतीच. शिवाय रांधणारे आणि खाणारे वेगळे होते, ही गोष्टही त्या आवारात स्पष्ट दिसते. तिथे आगाऊ सांगून क्रिओल पद्धतीचं जेवण घेता येतं. मोहरी, हळद आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला माशाचा ‘विंदाय’ मिळाला तर गोव्याच्या वाचकांना त्याचा नातलग लगेच ओळखू येईल.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे पाम्प्लमूसच्या वनस्पती उद्यानात जा. फ्रेंच प्रशासक प्येर प्वाव्रने अठराव्या शतकात तिथे मसाल्यांची झाडं जमवली. परातीसारख्या प्रचंड पानांची कमळं आता सर्वांच्या फोटोंत असतात, पण जायफळ आणि लवंगेची झाडं शोधा. पलीकडे बो प्लाँचा बंद पडलेला साखर कारखाना आहे. जुनी यंत्रं जागच्या जागी ठेवून त्याचं संग्रहालय केलं आहे, आणि शेवटी वेगवेगळ्या साखरांची चव देतात. मळीचा वास असलेली काळसर साखर घरी आणण्याजोगी आहे. आपल्याकडे काकवी खाल्लेल्यांना ती विशेष आवडेल. माझ्या मते अर्धा दिवसच असेल तर बागेपेक्षा कारखाना निवडा. घाटावर उतरलेली माणसं कुठे गेली, त्याचं उत्तर तिथे आहे.

सोमवार मोकळा असेल तर आग्नेय किनाऱ्यावरच्या माहेबुरचा आठवडी बाजार करा. गावाजवळ १८७० पासून चालत आलेला कसाव्याच्या बिस्किटांचा छोटा कारखाना आहे. कसावा म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो कंद. पत्र्यावर, हाताने, जुन्या पद्धतीने ती भाजतात. जवळच्या जुन्या फ्रेंच हवेलीत राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. १८१० मध्ये याच उपसागरात फ्रेंचांनी इंग्रजांचा आरमारी पराभव केला होता. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस बेट इंग्रजांकडे गेलं.

आणि आता आपल्या माणसांबद्दल. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर बरेच मराठी पर्यटक उतरतात. तिथून थोड्याच अंतरावर कास्काव्हेल हे मराठी वस्तीचं जुनं गाव आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. तिथे देऊळ आहे, सणाला जाखडी नाचतात, आणि बेटावरच्या शाळांमधून मराठी हा विषय शिकवला जातो. गणेशचतुर्थी ही मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते आणि हवाही तेव्हा चांगली असते, म्हणून भाद्रपदात जाण्याचा विचार करा. घराघरांत तेव्हा गोडधोड होतं आणि पाहुण्याला रिकाम्या तोंडी सोडत नाहीत.

फक्त एक जपा. त्यांच्या घरची बोली क्रिओल आहे. पाच-सहा पिढ्यांनंतर त्यांच्या मराठीची परीक्षा घेऊ नका, उच्चार सुधारू नका. आडनावावरून गाव शोधायची हौस दोन्हीकडे असते. त्यासाठी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदींचं दफ्तर आहे, आणि वंशज तिथे अर्ज करून आपल्या पूर्वजांची माहिती मिळवतात. कुणी तुम्हाला अशा नोंदीतलं गावाचं नाव दाखवलं, तर इंग्रजी स्पेलिंगवरून ते रत्नागिरी-साताऱ्यातलं कोणतं गाव असावं हे ओळखायला मदत करा. त्या चुकीच्या स्पेलिंगमागचं गाव आपल्याला पटकन दिसतं, त्यांना दिसत नाही. जाताना बॅगेत थोडी जागा ठेवून मुलांसाठी सोपी, चित्रांची मराठी पुस्तकं न्या. तिथल्या मराठी शिकवणाऱ्यांना ती मिठाईपेक्षा जास्त उपयोगी पडतील.